पंधरा हात उंचीचा घोडा

साताऱ्यातल्या काही भल्या माणसांना दोन-तीन दिवस असं वाटत होतं की मी घोड्यांचा जाणकार आहे. त्यातले पहिले दोन दिवस मलाही तसंच वाटत होतं, हे आधी कबूल करतो.

त्याचं असं झालं. मी पुण्यात एका शाळेत इंग्रजी शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीतरी करावं म्हणून घोड्यांविषयीची एक चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका मी मराठीत आणली. शब्दकोश शेजारी ठेवून तीन आठवड्यांत आणली. घोड्याशी माझा तोवरचा संबंध टांग्यात मागच्या बाजूला बसण्यापुरता, म्हणजे घोड्याकडे पाठ करून. पुस्तिका छापून निघाली आणि साताऱ्याच्या एका हौशी मंडळाच्या हाती पडली. सातारा-सांगलीकडच्या शाळकरी मुलांसाठी त्यांनी अश्वज्ञान स्पर्धा भरवायचं ठरवलं. लेखी परीक्षा साताऱ्यात, प्रत्यक्ष घोड्यांपुढची साताऱ्याकडच्या औंधात, आणि दोन्हींत मिळून वर येणाऱ्या सहा मुलांची अंतिम फेरी सांगलीत. अभ्यासाला पुस्तिका माझी, आणि लेखी पेपर तपासायलाही मीच.

मंडळाचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही? परवा गल्लीत गाढव आडवं आलं तर मागच्या रस्त्यानं घरी आलात."

"ज्ञान वेगळं आणि सलगी वेगळी," मी म्हणालो, आणि पिशवी भरायला घेतली.

सातारा

गाडीतून उतरतो तर समोर एक पांढरा घोडा. गळ्यात घुंगरांची माळ, पाठीवर जरीची झूल. शेजारी मंडळाचे चिटणीस झेंडूचा हार घेऊन उभे होते. ते पेशानं वकील. हार माझ्या गळ्यात घालून म्हणाले, "बसा सर. तुमच्यासाठीच आणलाय."

मी कंबरेचं दुखणं पुढे केलं. ते दुखणं मला त्या क्षणापर्यंत नव्हतं. घोड्याचा लगाम धरून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. ते ज्योतिबा दफेदार. फौजेत घोड्यांच्या पलटणीत बावीस वर्षं काढून कराडजवळ मलकापुरात आता ऊस करतात. औंधातल्या परीक्षेचे परीक्षक तेच. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, एखादं जनावर बाजारात पाहावं तसं, आणि म्हणाले, "मास्तर, चालत जाऊ. त्येलाबी बरं, तुमालाबी बरं."

मग मिरवणूक निघाली. पुढे मी, मागे घोडा. दहा पावलं गेलो असेन, मानेवर गरम वारा आल्यासारखं वाटलं. मागे वळलो तर माझा अर्धा हार घोड्याच्या तोंडात. तो शांतपणे झेंडू चघळत होता. उरलेला हार मी हातानं काढून त्याला देऊन टाकला. लोकांना वाटलं, केवढं हे प्रेम. टाळ्या पडल्या. मी नमस्कार केला.

साठेक मुलं परीक्षेला बसली होती. काही शहरातली, इस्त्रीच्या कपड्यांतली. बरीच पूर्वेकडच्या कोरड्या गावांतली, कुणाच्या पायात चपला, कुणाच्या नाहीत. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-अडीच वर्षं झाली होती, पण त्या मुलांच्या मनगटांवरून तो अजून दिसत होता. सगळ्यांनी माझी पुस्तिका तोंडपाठ केली होती. पेपर वाटताना ओठ हलताना दिसले की मला माझीच वाक्यं ऐकू येत. माणसाला एवढं सुख सहसा लाभत नाही.

दुपारी कंदी पेढे खात मी पेपर तपासले. चौथा प्रश्न होता, घोड्याच्या तोंडात दात किती. उत्तर, चाळीस. नववा, चांगल्या घोड्याची उंची किती. उत्तर, पंधरा हात. सगळ्यांनी बरोबर लिहिलं होतं. एका पेपरात मात्र चौथ्याखाली होतं, 'घोड्याला चाळीस, घोडीला छत्तीस.' आणि नवव्याखाली, 'माज्या कानाबरोबर.' मी दोन्हींवर लाल पेन्सिलीनं फुली मारली आणि समासात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पुस्तक नीट वाचावे.' नाव पाहिलं. हौसा म्हाकू, इयत्ता सातवी.

औंध

औंधाला पुण्यासारखा गजबजाट नाही. यमाईच्या डोंगराखाली एका मोकळ्या माळावर पाच घोडे-घोड्या बांधल्या होत्या. मुलांनी एकेक करून पुढे यायचं, घोड्याजवळ नीट जायचं, खूर उचलून साफ करायचा, दातांवरून वय सांगायचं. मी खुर्चीत बसून मान डोलवायचो. खुर्ची घोड्यांपासून पंधरा पावलांवर ठेवा, असं मीच सांगितलं होतं. परीक्षकाला समग्र दृश्य दिसलं पाहिजे, हे कारण.

हौसाचं नाव पुकारलं. तेरा-चौदा वर्षांची, काटकुळी, परकर खोचलेला. तिच्या वाट्याला आलेल्या घोडीजवळ ती गेलीच नाही. दफेदारांना म्हणाली, "हिला वाईच चालवा की."

"का गं?"

"चालवा तर."

दफेदारांनी घोडी चालवून आणली. हौसा म्हणाली, "मागला उजवा पाय राकून टाकतीया. टापंत कायतरी हाय." मग खांद्यावरून पाठीपर्यंत हात फिरवत गेली, पाय गुडघ्यावर घेतला आणि टापेच्या फटीतून बोराएवढा खडा काढून तळहातावर ठेवला. तिच्याआधी चौदा मुलांनी तोच पाय घासूनपुसून साफ केला होता. दफेदारांनी मिशीवरून हात तेवढा फिरवला आणि पूर्ण गुण लिहिले.

दुपारी दोन्ही गुणांची बेरीज करून सहा नावं मी वाचली. हौसाचं नाव नव्हतं. ती सातवी आली होती, एका गुणानं.

मुलं पांगली. एक धनगर माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, डोईला लाल मुंडासं. तो हौसाचा बाप, म्हाकू. "गुर्जी," तो म्हणाला, "भांडाया न्हाई आलो. पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा. म्हंजी सुदरंल."

मी चष्मा पुसला. हौसा बापाच्या मागे उभी राहून ऐकत होती. मी समजावून सांगितलं, घोड्याचे दात चाळीस, उंची पंधरा हात, पान अमुक. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पुस्तकात हाय म्हंजी आसंल." मग पोरीला म्हणाला, "ऐकलंस न्हवं? ध्येनात ठिव."

हौसा माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. माझ्या मागे कुठेतरी तो पंधरा हाती घोडा उभा असावा आणि आपल्याला तो दिसत नाहीये, अशा नजरेनं.

जाताना म्हाकूनं आपली भाकरी सोडली आणि मला आग्रह केला. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा. आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का?' असं विचारतात. इथं विचारतच नाहीत, हातावर ठेवतात. ज्याच्या पोरीला नुकतंच नापास केलं त्याची भाकरी मी चवीनं खाल्ली. खर्ड्यानं डोळ्यांत पाणी आलं. म्हाकू हळहळला, "आवं, लय तिकाट झालं का?" मी नाही म्हणालो, आणि दुसरा घास घेतला.

मलकापूर

सांगलीची फेरी एक दिवस सोडून होती. मधला मुक्काम दफेदारांकडे. सकाळी त्यांच्या मळ्यात गेलो. गुऱ्हाळ चालू होतं, वाटीभर काकवी पुढे आली. मला जरा मोकळं वाटलं होतं आणि अशा वेळी मी हमखास बोलत सुटतो. म्हणालो, "ती हौसा हुशार होती हो. पण पाठांतर कच्चं. घोडा पंधरा हात, एवढं सोपं उत्तर चुकली."

दफेदारांचा हात वाटीवर थांबला. "किती म्हनला?"

"पंधरा हात."

त्यांनी वाटी खाली ठेवली, मला दंडाला धरून विहिरीपाशी नेलं आणि आत बघायला लावलं. खाली, लांब खाली, पाणी चमकत होतं. "मास्तर, ही हीर पंधरा हात हाय. आता तुमचा घोडा हिच्यात हुबा करा."

मी आत पाहत राहिलो.

"आवं, पंधरा मुठी!" दफेदार ओरडले, आणि मग त्यांना हसू आवरेना. विहिरीच्या कठड्याला धरून ते बावीस वर्षांचं फौजी हसू हसले. पलटणीत आयुष्यभर घोडे मुठीनं मोजलेले. एका मुठीवर दुसरी, जमिनीपासून खांद्यापर्यंत. इंग्रजीत त्या मापाला हाताचाच शब्द आहे. मी शब्दकोशात पाहिलं, हात दिसला, लिहून टाकला. हात म्हणजे दीड फूट, पंधरा हात म्हणजे दुमजली घर, हे साठ मुलांनी पाठ करेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. मूळ पुस्तिका लिहिणाऱ्याचा यात काडीचाही दोष नव्हता.

"आणि दात?" मी विचारलं. आवाज माझाच असावा.

दफेदारांनी त्यांची घोडी आणली. तिची जीभ एका बाजूनं बाहेर ओढून धरली आणि म्हणाले, "घाला हात. मोजा."

मी मोजले. कसे, ते विचारू नका. बाही कोपरापर्यंत भिजली आणि तीनदा आकडा चुकला, कारण दर वेळी घोडीनं तोंड हलवलं की मी चार पावलं मागे जाऊन पुन्हा एकपासून सुरुवात करायचो. पुढचे पटाशीचे बारा, दाढा चोवीस. मध्ये नुसती हिरडी. छत्तीस. मग शेजाऱ्याचा घोडा आणला. त्याच्या त्या मधल्या जागेत वर दोन, खाली दोन सुळे होते. चाळीस. घोड्याला सुळे, घोडीला बहुधा नसतात. हौसानं एका ओळीत लिहिलं होतं ते हेच.

बाही पिळत मी दफेदारांना पेपरावरच्या फुल्या आणि समासातलं वाक्य सांगितलं. आता ते हसले नाहीत.

"मग बसलाय कशापायी?" ते म्हणाले. "चला. फटफटी काडतो."

दफेदार फटफटीवर बसतात ते घोड्यावर बसल्यासारखे. चढ आला की पुढे वाकतात, खड्डा आला की टाचा दाबतात. मागे मी, त्यांच्या पोटाला मिठी मारून. औंधापासून पुढे एका वाडीत म्हाकूची वस्ती, तिथं पोचेपर्यंत माझ्या अंगावरचा पांढरा सदरा मातकट झाला होता, आणि कंबर आता खरोखरच दुखत होती.

हौसा घोडीला पाणी पाजत होती. घोडी तांबडी, बुटकी, पाठ जरा बसलेली. मेंढरं घेऊन हौसाचा चुलता बाहेर पडतो तेव्हा सगळा संसार हिच्याच पाठीवर असतो. दुष्काळात निम्मी मेंढरं विकली पण घोडी ठेवली, असं म्हाकूनं नंतर सांगितलं. मी समोर जाऊन उभा राहिलो. वाटेत एक भाषण तयार केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"हौसा, तुझी दोन्ही उत्तरं बरोबर होती," मी म्हणालो. "पुस्तक चुकलंय. म्हणजे मी चुकलोय."

तिनं घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग पंधरा हाती घोडं कुटंच नस्तंय?"

"नसतं."

"मला वाटलं, पुन्याकडं आसतील तसली."

म्हाकूनं तोंडावर घोंगडं धरलं. दफेदार खोकत खोकत गोठ्याकडे गेले. मी म्हणालो, "तू उद्या सांगलीला चल."

"न्हाई."

"का?"

"सा पोरं निवडल्याती न्हवं? त्यातल्या कुनाला काडनार? त्यानं बी तुमचंच पुस्तक वाचलंय."

याचा विचार मी केलाच नव्हता. सहावा मुलगा विट्याचा होता, शिंप्याचा मुलगा. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा. मी म्हणालो, "कुणालाही नाही. सात जण बसतील. आणि चूक कुणाची ते मी सगळ्यांसमोर सांगेन."

हौसानं बादली खाली ठेवली. "येते. पर मी बी तुमास्नी एक इचारनार. सगळ्यांम्होरं."

"विचार," मी म्हणालो. त्या वेळी मी काहीही कबूल केलं असतं.

सांगली

चिटणीसांना मी सकाळीच गाठलं. सगळं ऐकून त्यांनी दार लावून घेतलं. "सातवी मुलगी घेऊ, हरकत नाही. पण सर, तुम्ही 'मी चुकलो' वगैरे म्हणू नका. मंडळाचं हसं होईल. मुद्रणदोष म्हणा. छापखानेवाला काही इथं येत नाही."

खरं सांगतो, मला ते पटलं. छापखान्याच्या वाटेनं सुटणं किती सोपं होतं. पायऱ्या चढून व्यासपीठावर जाईपर्यंत माझ्या मनात तेच वाक्य तयार होत होतं. सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत सात मुलं, त्यांच्यात हौसा, केसांना भरपूर तेल, हात मांडीवर. मागे म्हाकू, खुर्ची रिकामी असून भिंतीला टेकून उभा.

"पुस्तिकेत दोन ठिकाणी मुद्रण..." मी सुरुवात केली आणि हौसाकडे नजर गेली. ती काही आरोप करत नव्हती. मी बरोबर सांगतोय ना, एवढंच बघत होती. वर्गात मी तीस वर्षं मुलांकडे असाच पाहत आलोय.

"नाही," मी म्हणालो. "छापखान्यानं मी लिहिलं तेच छापलं. घोडा पंधरा हात उंच असतो, असं मी लिहिलं. मला घोड्यातलं काही कळत नाही. तुम्हा सगळ्यांना मी चुकीचं पाठ करायला लावलं, आणि एका मुलीनं बरोबर लिहिलं तर तिचं उत्तर कापलं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पंधरा हात? आन् बसायचं कसं, शिडी लावून?" आणि सगळं सभागृह हसलं. चिटणीस हातरुमालानं मान पुसत होते. पुढच्या रांगेत तो विट्याचा मुलगाही हसत होता, हे पाहून मला बरं वाटलं.

फेरी तोंडी होती, प्रश्न दफेदारांनीच विचारले. मला त्यांनी घंटा वाजवायला दिली. हौसानं खूर, चारा-चंदी, आजार, शिंगराची निगा, सगळी उत्तरं धडाधड दिली. परदेशी जातींवर मात्र ती अडली. अरबी घोड्याचं नाव तिला माहीत होतं, बाकीच्यांना तिनं सरळ "ठाव न्हाई" म्हटलं. पहिला आला तो सांगलीचाच एक मुलगा, आणि नीट, स्वतःच्या बळावर आला. हौसा दुसरी. म्हाकू भिंत सोडून दोन पावलं पुढे आला होता, तो बक्षीस देईपर्यंत तसाच उभा राहिला.

व्यासपीठावरून उतरताना ती माझ्यासमोर थांबली. "आता माजं."

दफेदारांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"बसलेलं घोडं उटताना म्होरले पाय आदी टाकतंय का मागले?"

मी विचार केला. गाय आठवली. गाय मागून उठते, हे गल्लीत हजारदा पाहिलं होतं. "मागले," मी ठामपणे म्हणालो.

पोरांनी एकच गिल्ला केला. दफेदारांनी माझ्या हातातली घंटा घेऊन माझ्याच कानाशी वाजवली. "मग म्होरले का?" मी हौसाला विचारलं.

"आसं अंदाजानं न्हाई," ती म्हणाली. "बगा की कवातरी." आणि बापाचा हात धरून गेली.

दुपारची पुण्याची गाडी पकडायची होती. भडंगाची पुडी घेऊन स्टँडकडे निघालो. वाटेत नदीकाठी एका झाडाखाली टांगा सोडलेला होता आणि शेजारी वाळूत घोडा बसला होता, पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून. मी थांबलो. दोन-चार मिनिटं, म्हटलं. मग एका दगडावर टेकलो. पुडी संपली. घोड्यानं एक कान हलवला, बाकी काही नाही.

टांगेवाला जेवण करून आला. "कुटं जायाचं, साह्येब?"

"कुठं नाही. हा उठायची वाट पाहतोय."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "उटवू का?"

"नको. आपणहून उठू दे."

तो बिडी पेटवून माझ्याशेजारी बसला. पलीकडच्या रस्त्यानं पुण्याची गाडी धूळ उडवत गेली. आम्ही दोघांनीही ती पाहिली. बऱ्याच वेळानं घोड्यानं डोळे उघडले, मान लांब केली, आणि पुढचा एक पाय पसरून वाळूत रोवला. मग दुसरा. क्षणभर तो तसाच राहिला, छाती वर, मागचं धड अजून जमिनीवर. मग एक हिसका, आणि उभा. त्यानं अंग झाडलं तशी सगळी वाळू माझ्या अंगावर आली.

"पुढले," मी म्हणालो.

"मग काय मागले?" टांगेवाला म्हणाला. "घोडं हाय ते, साह्येब."

मी चष्म्यावरची वाळू पुसली आणि त्याला विचारलं, टांग्यात पुढच्या बाजूला, त्याच्याशेजारी बसता येईल का.